गालिचेवाल्याची बहीण

बैरूतचे गालिचेवाले मालूफसाहेब ‘सिल्व्हर पेलिकन’ जुगारघरात शिरले की पेयं फिरवणाऱ्या पोरींत त्यांच्या टेबलासाठी चढाओढ लागायची, कारण साहेब बक्षिशीला हात आखडत नसत. बोटात पाचूची अंगठी, गळ्यात रेशमी रुमाल, चालणं थोडं झुलत, बोलणं त्याहून झुलत. हातातल्या पेल्यात मात्र कायम लिंबू पिळलेला सोडा. साहेबांनी जन्मात बैरूत पाहिलं नव्हतं. नाव ह्रांत तेरझियान, बॉस्टनजवळच्या वॉटरटाउनमध्ये बापाचं कपडे दुरुस्तीचं दुकान, आणि पाचू काचेचा. ज्या बाईकडे ते ढुंकूनही बघत नसत, ती करड्या स्वेटरातली, पाच-पाच डॉलर लावत तासन्‌तास बसणारी अराक्सी त्यांची सख्खी थोरली बहीण होती.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. टोळीचा म्होरक्या क्रुपनिक याने तेही आणून दाखवलं होतं. अकरा जणांची पुंजी त्याने एकाच्या खिशात घातली आणि बाकीच्यांना मोजायला बसवलं. ही युक्ती त्याची नव्हे. नेवाडात दहा-बारा वर्षांपूर्वीच लोकांनी ती काढली होती. एकट्याने पत्ते मोजणारा पकडला जायचा, कारण पाच लावणारा माणूस एकाएकी पाचशे लावू लागला की आंधळ्यालाही कळतं. म्हणून मोजणारा वेगळा आणि लावणारा वेगळा. मोजणाऱ्याने गरीब गाय होऊन बसायचं, आणि पत्ते पिकले की लावणाऱ्याने कुठूनतरी झुलत यायचं.

खेळ एकविसाचा: पानांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यायची, वर गेली की फुटलात. मोजणं म्हणाल तर बटणं मोजण्याइतकं सरळ. आठ जोड पिसून एका डब्यात भरलेले. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान निघून गेलं की मनात एक मिळवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वीला कोणी विचारत नाही. आकडा वर चढला म्हणजे मोठी पानं डब्यात साचली, आणि मोठी पानं साचली की तेवढ्यापुरता खेळ जुगारघराचा राहत नाही, खेळणाऱ्याचा होतो. कोर्टानेही दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं की डोकं वापरतो म्हणून न्यू जर्सीत कुणाला हाकलता येणार नाही. हाकलता येत नाही, पण चेहरा कळला की ते दर दोन डावांनी पत्ते पिसतात, आणि मग मोजून काय उपयोग? म्हणून चेहरा हीच सगळी इस्टेट. एकमेकांना ओळखायचं नाही, मोटेल वेगळं, बस वेगळी, जेवण वेगळं. क्रुपनिक याबाबतीत सासूच्या वर होता.

त्या नोव्हेंबरच्या रविवारी पाऊण वाजता बहीण-भाऊ फोनवर बोलले तेवढेच.

“टोचून घेतलंस?”

“घेतलं गं.”

“आणि खाल्लंस काय?”

“आत्ता खाली जातोय. सँडविच सांगून ठेवलंय.”

“सांगून ठेवलंय. पोटात कधी जाणार?”

“ताई, मालूफसाहेबांना बहीण नाही. ठेव फोन.”

ह्रांतला नवव्या वर्षी साखरेचा आजार जडला. तेव्हा आई दुकानात आणि बाप मशिनवर, म्हणून सुई उकळायचं काम पंधरा वर्षांच्या अराक्सीकडे आलं. आता तो बत्तिसाचा आणि ती अडतीसची. सुया उकळाव्या लागत नव्हत्या, पण तिची चौकशी काही सुटली नव्हती.

एक वाजता ती मर्नाच्या टेबलावर बसली. पत्ते वाटणारी मर्ना अबोल होती आणि तिचा हात चपळ होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मिसेस झिमेक. फिलाडेल्फियाहून सकाळच्या बसने आलेली, सत्तरीची, पर्समध्ये खाऱ्या पाण्याच्या टॉफीची पिशवी आणि तोंडाला फाटकच नाही.

“बाई, तुम्ही ते पान उगाच घेतलंत,” ती अराक्सीला म्हणाली. “ती दश्शी मर्नाला गेली असती, ती फुटली असती, आपण जिंकलो असतो. माझा नवरा असाच होता. मधेच बोलायचा.”

“चुकलंच माझं,” अराक्सी म्हणाली. मनात तिचे सात झाले होते.

सातांचे नऊ झाले, नवांचे बारा. डबा निम्मा रिकामा झालेला. बाराचा आकडा दिवसातून एखाद्या वेळीच मिळतो. अराक्सीने थंडी वाजल्यासारखे हात छातीशी घट्ट बांधले. पलीकडे नाण्यांच्या मशिनपाशी बेसबॉलची टोपी घालून क्रुपनिक उभा होता. तो निघून गेला, आणि पाच मिनिटांच्या आत मालूफसाहेब झुलत झुलत आले.

फार लवकर आला, असं तिला वाटून गेलं. पण वाईट काय त्यात? पत्ते थांबत नाहीत.

“पोरी, या खुर्चीत नशीब आहे का गं?” त्याने मर्नाला विचारलं.

“खुर्चीत उशी आहे, सर. नशिबाचं तुमचं तुम्ही बघा.”

मिसेस झिमेक खदखदून हसली. अराक्सीने उजवा हात गालावर टेकवला. गालावर हात म्हणजे लाव. हात खाली म्हणजे ऊठ. ह्रांतने हजार लावले आणि पहिल्याच डावात राजा-एक्का पडला, सरळ एकवीस. लोक मागे जमू लागले. टेबलांवर देखरेख करणारा डेलहंटही येऊन उभा राहिला. पोलिसातून निवृत्त झालेला, जाड भुवयांचा माणूस. सहा महिने तो या गालिचेवाल्याच्या नशिबाकडे डोळ्यात तेल घालून पाहत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं.

दुसरा डावही आला. तिसऱ्या डावात ह्रांतचे सतरा, मर्नापुढे छक्की. शेंबड्या पोरालाही कळतं की इथे थांबायचं. ह्रांतने बोटाने टेबल ठोकलं: आणखी एक.

“सर, सतरा आहेत,” मर्ना म्हणाली.

“मग अठरा करू!”

चौकी आली. एकवीस. मागच्यांनी टाळ्या पिटल्या, मिसेस झिमेकने टॉफी पुढे केली, डेलहंटच्या भुवया खाली आल्या. अराक्सीला मनातून हसू आलं. असा एखादा मूर्खपणा मुद्दाम करायचा, हे ह्रांतचंच डोकं. मूर्खाला कोणी मोजणारा समजत नाही. आज सोंग काय वठवलंय पोराने! शब्द जरा जड, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, कपाळावर खरोखरचा घाम. एवढं कसं जमतं याला, असा तिला अभिमान वाटला. याच अभिमानाने पुढे तिचा घात केला.

चौथ्या डावात त्याचे अठरा होते. मर्ना थांबली. तो पानांकडे बघत राहिला, आणि मग त्याने पालथ्या मुठीने ओठ पुसले. एकदा, पुन्हा, पुन्हा, जणू ओठांना काहीतरी चिकटलंय.

त्याच्या नवव्या वर्षापासून अराक्सी हे बघत आली होती. साखर उतरली की त्याचे ओठ बधिर व्हायचे आणि तो असाच पुसत बसायचा. हे सोंग नव्हतं. हा घाम, हे अडखळणं, मघाचे सतरा, काहीच सोंग नव्हतं. त्याने टोचून घेतलं होतं, पण सँडविच खाल्लं नव्हतं. खाणार कसा? हिनेच हात बांधून त्याला बोलावून घेतलं होतं.

आकडा सोळावर होता.

ती उठली नाही. उठायला हवं होतं, पण अकरा माणसांची सहा महिन्यांची राबणूक तिच्या खुर्चीला बांधलेली होती. आजचा डबा असाच संपला तर पुंजी दुप्पट होणार, वाटण्या होणार, ह्रांत बापाच्या दुकानातून सुटणार. उठली की सगळंच संपलं. उघडी पडलेली टोळी म्हणजे फुटलेली अंडी. टोपीखालून क्रुपनिक तिच्याचकडे बघत होता. त्याला काही कळलेलं नव्हतं. त्याला फक्त गालावरचा हात दिसत होता, आणि तो हात तिने तसाच ठेवला.

चार-पाच मिनिटं आहेत, तिने स्वतःला समजावलं. आधीही झालंय. तो स्वतः खिशातली साखर काढून खाईल. कोटाच्या डाव्या खिशात साखरेचे चौकोन कायम असायचे. तिने पेयं देणाऱ्या पोरीला हाक मारली.

“संत्र्याचा रस आण गं, लवकर. मोठा ग्लास.”

“आणते हं,” म्हणून पोरगी गेली ती गेलीच. रविवारची गर्दी, आणि पाच लावणाऱ्या बाईसाठी कोण धावतं?

पाचवा डाव हरला. सहाव्यात ह्रांतचे वीस असताना त्याने टेबल ठोकलं.

“सर, वीस आहेत. वीस!” मर्ना या वेळी मोठ्याने म्हणाली.

“चढलीय त्यांना,” मिसेस झिमेक म्हणाली. “माझा नवरा असाच ओठ पुसायचा. पण तो हजार नाही लावायचा, त्याच्याकडे एवढे नव्हतेच.”

डेलहंटने हसून हाताने खूण केली आणि साहेबांपुढे फुकटची व्हिस्की आली. हरायला लागलेल्या माणसाला पाजायची रीतच आहे. एरवी साहेबांनी ती केव्हाच परत करून सोडा मागितला असता. आज ह्रांतने ग्लास उचलून सरळ तोंडाला लावला. अशा वेळी दारू म्हणजे विष. आणि त्याच क्षणी मर्नाने पंजी, तिर्री, चौकी अशी लहान पानं भराभर काढली आणि अराक्सीच्या डोक्यातला आकडा, तिने न सांगता, तिची लाज न बाळगता, अठरावर गेला. डोकं मोजतच होतं. तिला त्या डोक्याची किळस आली, पण तिने हात खाली घेतला नाही.

आठव्या डावाला रस आला. तिने शेजारणीच्या सहजपणाने ग्लास त्याच्याकडे सरकवला.

“घ्या ना, मला जास्त होतोय.”

“हात आवरा, बाई!” तो खेकसला. साखर उतरली की तो असाच हट्टी व्हायचा, लहानपणापासून. त्याने कोपराने ग्लास ढकलला. रस हिरव्या कापडावर पसरला, मर्नाने फडकं मागवलं, लोक हसले.

नववा डाव. आकडा एकोणीस. सहा महिन्यांत एवढा तिने पाहिला नव्हता. ह्रांतला चिप्स उचलता येईनात. त्या बोटांतून घरंगळत होत्या, आणि तो त्यांच्याकडे नवल करत बघत होता. मग तो हळूच काहीतरी पुटपुटला. मागचा एक जण म्हणाला, “अरबीत शिव्या देतोय!” आणि सगळे पुन्हा हसले.

ते अरबी नव्हतं, त्या दोघांच्या घरचं आर्मेनियन होतं, आणि तिथे ते एकट्या अराक्सीलाच कळलं. तो म्हणाला होता, “ताई, घरी जाऊ या ना.”

ती उठली. स्टूल मागे पडलं. दोन ढांगांत तिने त्याला गाठलं आणि त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात हात घातला.

“चोर!” मिसेस झिमेक किंचाळली. “पाकीट मारतेय! पिलेल्या माणसाचं पाकीट मारतेय, सटवी!”

रखवालदाराने अराक्सीचं मनगट पिरगाळून मागे धरलं. क्रुपनिकच्या टोपीची कड दाराकडे वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

“सोडा! तो आजारी आहे! माझा भाऊ आहे तो!”

“भाऊ?” डेलहंट शांतपणे पुढे आला. “नाव काय भावाचं?”

“ह्रांत.”

“यांचं नाव मालूफ. बैरूतचे आहेत. सहा महिने येतात इथे, आणि तुमच्याकडे त्यांनी एकदा वळूनही पाहिलेलं नाही.”

“बघा! नावसुद्धा धड ठाऊक नाही!” मिसेस झिमेक म्हणाली.

ह्रांतचं डोकं हळूहळू टेबलावर टेकलं. रखवालदार म्हणाला, “यांना खोलीवर नेऊन झोपवतो, सर. उतरेल तासाभरात.” झोपवलं तर तो उठणारच नाही. सहा महिने इतक्या चोख रीतीने अनोळखी राहिली होती अराक्सी, की आता ओरडून सांगितलं तरी कोणाचा विश्वास बसत नव्हता. विश्वास बसेल असं एकच होतं तिच्याजवळ. तेच तिने काढून दिलं.

“आम्ही मोजतो,” ती म्हणाली. “मी मोजते, तो लावतो. डब्यात दोन जोड उरलेत आणि आकडा आहे एकोणीस. मी हात बांधले की तो येतो. गालावर हात ठेवला की लावतो. तुम्ही सहा महिने हेच शोधत होतात ना? मी सांगते सगळं. नावं सांगते, मोटेलं सांगते. आधी त्याला साखर द्या! त्याला साखरेचा आजार आहे, तो मरेल!”

डेलहंटने डब्याकडे पाहिलं. मग तिच्या गालाकडे पाहिलं. हाताचा लाल वण तिथे अजून होता. त्याने रखवालदाराला खूण केली आणि मनगट सुटलं.

“साखर आणा! रुग्णवाहिका बोलवा! हलताय का पुतळ्यांनो!”

खिशातले चौकोन तिने दातांनी फोडले, रसाचा उरलेला घोट त्यात कालवला आणि ते बोटाने त्याच्या हिरड्यांवर चोळत राहिली. मिसेस झिमेकने रडत रडत आख्खी टॉफीची पिशवी पुढे केली. कुणी कॉफीजवळच्या साखरेच्या पुड्या आणल्या. अराक्सीने एकेक फोडली. गळ्यातला रेशमी रुमाल सोडला. ती मोठ्याने त्याच्या नावाने हाका मारत होती. सहा महिन्यांत त्या छपराखाली ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. सातव्या पुडीला त्याची जीभ हलली.

तासाभराने दोघे वरच्या खोलीत बसले होते. ह्रांतच्या खांद्यावर घोंगडी, पुढ्यात अर्धं खाल्लेलं सँडविच. डॉक्टर दटावून गेला होता. छायाचित्रं काढून झाली होती, समोरून आणि बाजूने.

“तुरुंग नाही,” डेलहंट म्हणाला. “डोकं चालवणं गुन्हा नाही, हे जज्जसाहेबांनी आम्हाला शिकवलंय. पण आजपासून या गावात तुम्ही दोघं जिथे बसाल तिथे दर डावाला पत्ते पिसले जातील. आणि बाईंनी सांगितलेलं खरं आहे का, ते आता बघून घेऊ.”

त्याने पडद्यावर चित्रफीत लावली. छतातल्या कॅमेऱ्याने वरून टिपलेलं टेबल, मर्नाचे हात, मिसेस झिमेकचे पांढरे केस. फितीला आवाज नव्हता. ह्रांत सँडविच खाली ठेवून पुढे वाकला. अराक्सी पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघू लागली, कारण तिला ठाऊक होतं की तो काय बघणार. माणसाचं लक्ष कुठे जातं, हे बघायलाच तर त्यांनी एकमेकांना शिकवलं होतं. चौथ्या डावात पडद्यावरच्या बाईने पानांकडे बघणं सोडलं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. हात गालावर होता.

पाचवा डाव झाला. सहावा. व्हिस्की आली. सातवा, आठवा, नववा. हात गालावरच.

“सहा डाव, ताई,” ह्रांत आपल्या भाषेत म्हणाला.

रस मागवला होता, हे तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. आता हा ओरडेल. ओरडू दे, थोबाडीत मारू दे, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणू दे. ती त्याची वाट बघत होती.

“आकडा किती होता?” त्याने विचारलं.

“एकोणीस.”

“आणि दोन जोड बाकी?”

“दोन.”

त्याने हळूच शीळ घातली. ओठांना अजून रंग आला नव्हता. त्याने पडद्यावरच्या स्वतःकडे, त्या चिप्स सांडणाऱ्या माणसाकडे, खेळ जाणणाऱ्याच्या नजरेने पाहिलं आणि मान हलवली.

“तू फार लवकर उठलीस,” तो म्हणाला. “मी असतो तर आठ डाव बसलो असतो.”

तो थट्टा करत नव्हता. तिने त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. सुई टोचताना रडणारं ते पोर शोधलं. तो पुन्हा वाकून पुढचं बघू लागला होता, आणि त्याची बोटं घोंगडीवर निघालेली पानं मोजत होती.

“बंद करा हो ते,” अराक्सी डेलहंटला म्हणाली. त्याने बंद केलं नाही, तेव्हा ती रडायला लागली.